पोपटरावांचा डावा हात

मी एक जुना मिट आहे. मिट म्हणजे काय, हे तुम्ही विचारणारच, मित्रांनो. बॅट म्हटलं की आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा मान डोलावतं, पण मिट म्हटलं की लोकांना गरम भांडं उचलायचा मोजा आठवतो. तेवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको.

बेसबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो मारून, तीन बेसना वळसा घालून होमप्लेटवर, म्हणजे परत घरी, येऊन धाव काढायला बघतो, आणि फलंदाजाच्या मागे एक माणूस उकिडवा बसून सुटलेला चेंडू झेलतो. त्याला कॅचर म्हणतात. तुमच्या विकेटकीपरचा चुलतभाऊच म्हणा. पण विकेटकीपरचे दोन्ही हात मोज्यांत असतात, आणि कॅचरच्या डाव्या हातात एकटा मी असतो. मार खायचा मी आणि टाळ्या घ्यायच्या पिचरने, अशी आमच्याकडची वाटणी आहे. तक्रार नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म जालंधरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. म्हशीचं जाड कातडं, आत दाबून भरलेली लोकर आणि सगळीकडून ओवलेली चामड्याची वादी, एवढाच माझा जीव. तिथून मी जळगावला एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडे आलो. जळगावकडे शाळाशाळांतून मुलं बेसबॉल, सॉफ्टबॉल खेळतात, हे सांगितलं तर भल्याभल्यांना थाप वाटते. त्या शिक्षकांनी मला पोपटराव नावाच्या एका दांडग्या विद्यार्थ्याच्या हातात दिलं आणि ते म्हणाले, "हा तुझा डावा हात. सांभाळ."

पोपटरावांनी मला सांभाळलं म्हणजे काय केलं, तर आईचं खोबरेल तेल चोरून मला चोपडलं, माझ्या पोटात चेंडू ठेवून लेंग्याच्या नाडीने करकचून बांधलं आणि गादीखाली ठेवून वर स्वतः झोपले. नव्या मिटला असंच वळण लावतात. मी तेव्हा लाकडासारखा ताठ होतो आणि मला त्यांचा फार राग आला होता. पण काही दिवसांनी त्यांनी नाडी सोडली आणि मी त्यांच्या पंजाच्या मापाने दुमडलो, तो कायमचाच. त्यानंतर चेंडू माझ्यात शिरला की असा फट् आवाज यायचा की मैदानाबाहेरच्या म्हशी मान वर करून बघायच्या.

कॉलेज संपलं, उज्ज्वलावहिनींशी लग्न झालं, आणि पोपटराव नोकरीसाठी कतारला आले. रास लफानच्या गॅस प्लांटवर पाइप फिटिंगचं काम आणि राहायला अल खोरला दोन खोल्यांचा फ्लॅट. पहिल्या खेपेला बॅगेत लोणच्याच्या बरण्या आणि मी, यांत वजनावरून भांडण झालं होतं. उज्ज्वलावहिनींनी बरण्यांची बाजू घेतली. पोपटरावांनी मला सरळ हातात घातलं आणि विमानात बसले. हवाई सुंदरीने विचारलं, हात भाजलाय का म्हणून. ते हसून हो म्हणाले.

इथे दर शुक्रवारी सकाळी हौशी लोकांचे सामने होतात. फिलिपिनो, जपानी, अमेरिकन शाळांतले मास्तर, आणि आमची 'नवरत्न'. नऊ खेळाडू म्हणून नवरत्न. त्यातले निम्मे कोकणातले, काही वसईचे, काही आमच्या खानदेशातले. गवताचं नाव नाही, वाळू आणि खडी, तरी त्या मैदानावर मी माझं चांगलं आयुष्य जगलो. पोपटराव बसल्या जागेवरून दुसऱ्या बेसवर चेंडू फेकायचे आणि पळणारा माणूस धुळीत लोळूनसुद्धा बाद व्हायचा. फलंदाजाच्या मागे बसून त्यांची टकळी चालू असायची, तीही अस्सल खानदेशीत. "मार भो, मार, तुझी सासू बघतेय." समोरच्या जपान्याला एक अक्षर कळत नसे, पण त्याचं चित्त विचलित व्हायचंच. आम्ही चषक जिंकला तेव्हा पोरांनी पोपटरावांना खांद्यावर घेतलं होतं आणि पोपटरावांनी मला डोक्यावर घातलं होतं. तो फोटो अजून पुष्कळांच्या फोनमध्ये आहे.

तबिश त्याच सुमारास आला. रत्नागिरीकडचा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात क्लार्क. टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेला, हातात जोर होता पण दिशा नव्हती. पोपटरावांनी त्याला रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमागे उभं केलं आणि माझ्यात चेंडू टाकायला लावले. त्याने चुकवलेला प्रत्येक चेंडू पोपटरावांच्या छातीवर, मांडीवर, मनगटावर बसला. पण शेवटी तबिशच्या हाताला एक चेंडू गवसला. सरळ यायचा, आणि अगदी माझ्याजवळ आला की पायरी उतरल्यासारखा एकदम खाली बसायचा. तो झेलायला आधी हात जमिनीला टेकवून मग वर घ्यावा लागतो. हे मला आणि पोपटरावांना सोडून कुणाला नीट जमलं नाही, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो.

मग गुडघे गेले. दिवसभर प्लांटवर वाकून पाइप जोडायचे आणि शुक्रवारी तासन्‌तास उकिडवं बसायचं, हे किती वर्षं चालणार? पोपटराव बसले की गुडघे कडकन वाजायचे आणि उठताना ते माझा टेकू घेऊन उठायचे. एका फायनलला तबिशचा तोच चेंडू खाली बसला आणि पोपटराव वेळेवर खाली गेले नाहीत. चेंडू आमच्या दोघांच्या खालून निघून गेला, तिसऱ्या बेसवरचा माणूस धावत घरी आला आणि चषकही गेला. कुणी एक शब्द बोललं नाही. कुणीतरी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या टीममध्ये गुरुवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतो, उद्या कोण खेळणार आणि व्हॅन कुणाला कुठून उचलणार. पुढच्या मोसमातल्या पहिल्या गुरुवारी त्यात पोपटरावांचं नाव आलं नाही. त्यांना वाटलं, तबिश कॅप्टन नवा आहे, घाईत राहिलं असेल. पहाटे मला काखोटीला मारून ते मशिदीजवळच्या नेहमीच्या कोपऱ्यावर उभे राहिले. व्हॅन आम्हाला दिसली. ती पलीकडच्या रस्त्याने गेली. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे होतो, आणि घरी आल्यावर पोपटराव वहिनींना म्हणाले, "आज मॅच रद्द झाली."

तेव्हापासून मी फ्रिजवर पडून होतो. माझ्या अंगावर धूळ बसली आणि एसीच्या कोरड्या हवेत माझी एक वादी तडकली. कॅचरची जागा ब्रायनला मिळाली. तो वसईचा, चांगला मुलगा आहे, पायांत स्प्रिंग आहेत. पण त्याचा मिट नवा कोरा, गुलगुलीत, दुकानातून आला तसाच हातात घातलेला. गादीखाली एक रात्र काढली नाही त्याने.

मित्रांनो, आता मी या वर्षावर येतो.

पोपटरावांचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. पुढच्या महिन्यात ते कायमचे गावी परतणार होते. नवरत्न फायनलला पोचली होती, समोर फिलिपिनोंची टीम. पोपटरावांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी एके दिवशी त्यांनी मला फ्रिजवरून काढलं, पुसलं आणि अँथनीच्या हातात दिलं. अँथनी हा त्यांचा जुना दोस्त, हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या विभागात काम करतो आणि टीमचं मॅनेजरपण बघतो. "इंडस्ट्रियल एरियात जाशील तेव्हा चांभाराकडून वादी घालून आण भो," पोपटराव म्हणाले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. अँथनीनेही विचारलं नाही.

वादी घालून झाली आणि मी अँथनीच्या गाडीत मागच्या सीटवर पडून अल खोरला परत निघालो. गोदामातून सुटलेला तबिश पुढे बसला होता. वळून त्याने मला पाहिलं.

"अंकल, हा दादांचा मिट ना?"

"हो. रिपेअरला दिला होता त्यांनी."

"आता कशाला रिपेअर? ते तर चालले."

"तेच म्हणतोय मी," अँथनी म्हणाला. "शुक्रवारी त्यांना बसव. ब्रायनच्या हातातून तुझे अर्धे बॉल सुटतात. सेमीफायनल आपण नशिबाने काढली."

तबिश म्हणाला, "तुम्ही फिजिओला आहात. तुम्हीच सांगा, ते गुडघे चालतील?"

"पूर्ण मॅच नाही चालणार. नऊपैकी दोन-तीन इनिंग चालतील."

"आणि तिसऱ्या इनिंगला सगळ्यांसमोर पडले तर? मागच्या वेळी त्यांचं तोंड मी समोरून बघितलंय अंकल. तुम्ही बाहेर होता. मला परत नाही बघायचं ते. आपण त्यांचा सत्कार करू. मॅचच्या आधी. शाल, नारळ, मोठा बॅनर. इज्जतीने पाठवू."

"चालेल. पण मग तसं सांग त्यांना. आत्ता लाव फोन."

तबिशने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सलाम दादा. तबिश बोलतोय."

"बोल भो." पोपटरावांच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"दादा, शुक्रवारी फायनल आहे. तुम्ही पाहिजेच. तुमच्याशिवाय होणारच नाही."

पलीकडून अगदी हळू आवाज आला. "फायनलला?"

"हो दादा. व्हॅन येईल तुम्हाला घ्यायला. मशिदीजवळच."

"मिट अँथनीभाऊकडं आहे माझा."

आता सांगायचं होतं, मित्रांनो. एका वाक्याचं काम होतं. मी मागच्या सीटवर पडल्या पडल्या वाट बघत होतो. तबिशने अँथनीकडे बघितलं, अँथनीने रस्त्याकडे बघितलं.

"तो झाला तयार दादा," तबिश म्हणाला. "अंकल आणून देतील आज."

"बरं भो. बरं, बरं. ठेवतो."

फोन बंद झाल्यावर अँथनी चिडला. "का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. त्यांचा आवाज ऐकलात ना तुम्ही? तुम्ही सांगा ना, प्लीज. तुम्ही त्यांच्या बरोबरीचे."

आपल्या माणसांची ही गंमत मी फार जवळून पाहिली आहे. मासळीच्या भावावरून बाजारात घसा फोडून भांडतील, पण वडीलधाऱ्या माणसाला एक 'नाही' म्हणायचं म्हटलं की सगळ्यांच्या जिभेला गाठ पडते. मग 'नाही' म्हणण्याऐवजी आपण त्याला शाल आणि नारळ देतो. नारळ देणं याचा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, तो घरच्या मोठ्यांना विचारा.

अँथनी मला घेऊन फ्लॅटवर आला. दार वहिनींनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून आत बघायची खूण केली. पोपटराव ओट्याला धरून उठाबशा काढत होते. खाली जायचे, दात आवळायचे, परत वर यायचे. घामाने बनियन ओलं झालं होतं. अँथनीला पाहून ते लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी मला त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. नवी वादी ताणून पाहिली, हात घातला, मूठ मारून पाहिली. इतक्या दिवसांनी तो पंजा माझ्यात शिरला आणि मला काय वाटलं ते मी सांगत नाही. मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक नव्हतं. मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो.

अँथनी जेवायला बसला. शेवभाजी इतकी झणझणीत होती की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, निदान त्याने तसं दाखवलं.

"अहो," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "नक्की खेळायलाच बोलावलंय ना? तसं म्हणाला का तो, स्पष्ट?"

"तुमच्याशिवाय होणारच नाही म्हणाला. मग काय पाणी वाटायला बोलावलंय मला?"

वहिनींनी अँथनीकडे बघितलं. अँथनीने भाकरीकडे बघितलं. निघताना तो दारात घुटमळला. "पोपटराव, एक सांगायचं होतं."

"बोल ना भो."

"गुडघ्याला पट्टा घट्ट बांधा." आणि तो जिना उतरून गेला.

शुक्रवारी पहाटे अल खोरवर धुकं होतं. वहिनींनी जर्सी धुऊन इस्त्री करून ठेवली होती. पोटावर ती जरा तंग होत होती, पण पोपटराव श्वास आत घेऊन म्हणाले, "बसतेय." मला त्यांनी रात्रीच खोबरेल तेल लावलं होतं. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, त्यावर लेगगार्ड, घरूनच बांधून निघाले, मैदानावर वाकायला त्रास नको म्हणून. व्हॅन या वेळी बरोबर मशिदीजवळ थांबली. आत बसलेल्या पोरांनी लेगगार्डकडे पाहिलं आणि एकदम सगळ्यांना आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायचं सुचलं. ब्रायन तेवढा "गुड मॉर्निंग अंकल" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पोपटरावांचं मात्र बोलणं थांबत नव्हतं. फिलिपिनोंचा तो डावखुरा अजून आहे का, वारा कुठून आहे, तबिशने पहिल्या इनिंगला फार जोर लावू नये. पुढच्या सीटवर तबिश मान हलवत होता. मी त्यांच्या मांडीवर होतो आणि त्यांची बोटं माझ्या नव्या वादीशी चाळा करत होती.

मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर मखमली कापड, त्यावर घडी घातलेली शाल, सुपरमार्केटच्या पिशवीतून डोकं काढलेला नारळ आणि पुष्पगुच्छ. मागे बॅनर होता. त्यावर तोच चषकाचा फोटो, मला डोक्यावर घालून हसणारे पोपटराव, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचे लाडके माजी खेळाडू श्री. पोपटराव यांचा निरोप समारंभ'.

पोपटराव चालता चालता थांबले. त्यांनी बॅनर वाचला. पुन्हा एकदा वाचला. त्यांचा पंजा माझ्यात होता, आणि तो सैल पडलेला मला कळला. धुकं विरत होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी त्यांना दंडाला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं, लेगगार्डसकट.

तबिशने भाषण केलं. चांगलं केलं, खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. दादांनी मला घडवलं, असं म्हणाला. अँथनीने त्यांना शाल पांघरवली, पण पोपटरावांच्या डोळ्यांत बघायचं त्याने टाळलं. एका हातात पुष्पगुच्छ आणि दुसऱ्यात मी, नारळ घ्यायला हात मोकळा नव्हता म्हणून तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मग सगळे म्हणाले, "दादा, दोन शब्द बोला."

पोपटराव उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "नीट खेळा." दोनच शब्द. लोक हसले आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

सामना सुरू झाला. मी शालीखाली त्यांच्या हातातच होतो. तबिश चेंडू टाकायचा आणि तो हात माझ्यासकट शालीच्या आत हलकेच खाली जायचा, वर यायचा. ब्रायन धडपडत होता. दोन चेंडू सुटले, एक धाव गेली, तरी आमची पोरं एका धावेने पुढे राहिली. शेवटच्या इनिंगला फिलिपिनोंचा एक माणूस तिसऱ्या बेसवर उभा होता, आणि एक चेंडू फलंदाजाच्या बॅटला चाटून ब्रायनच्या मिटवर असा आदळला की त्याची अंगठ्याजवळच्या जाळीची वादी तटकन तुटली. गुलगुलीत मिट सुपासारखा उघडा पडला.

तबिश धावत आमच्या खुर्चीकडे आला. धापा टाकत होता. "दादा!"

पोपटराव उठले. शाल खांद्यावरून घसरली, नारळ वाळूत पडला, गुडघे कडकन वाजले, पण ते उठले. त्यांच्या तोंडावर पहाटेचं ते हसू परत आलं होतं.

"नाही नाही, तुम्ही बसा दादा," तबिश म्हणाला. "फक्त मिट पाहिजे."

मित्रांनो, मी आयुष्यभर चेंडूंचा मार खाल्ला. त्या एका वाक्याइतकं मला काही लागलं नाही. माणूस नको, पण त्याचा हात पाहिजे, असं ते होतं. तबिशच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो लालेलाल झाला. पण सामना थांबला होता आणि अंपायर घड्याळ दाखवत होता, जुम्याच्या नमाजाआधी मैदान रिकामं करायचं होतं.

पोपटरावांनी बोटं एकेक करून बाहेर काढली. ब्रायन मागोमाग आला होता, त्याच्या हातात मला देताना ते म्हणाले, "याचा बॉल शेवटी खाली बसतो. हात आधी जमिनीला टेकव, मग वर घे. घाई करू नको."

"ओके अंकल," ब्रायन म्हणाला. "थँक्यू."

परक्या हातात मी पहिल्यांदाच गेलो. तो हात लहान होता, आणि मी पोपटरावांच्या पंजाला दुमडलेला. मला वाटलं होतं, आपण सहकार्य करायचं नाही. चेंडू सोडून द्यायचा. बघू दे सगळ्यांना. पण तबिशचा चेंडू आला, शेवटी खाली बसला, ब्रायनने मला जमिनीला टेकवून वर घेतलं, आणि चेंडू माझ्यात शिरला. फट्. म्हशीच्या कातड्याला दुसरं काही येतच नाही. आणखी दोनदा तसंच झालं, शेवटचा फलंदाज बाद झाला आणि आम्ही जिंकलो.

पुढे काय झालं ते कुठल्याही विजयानंतर होतं तेच. पोरं मध्ये धावली, एकमेकांच्या अंगावर पडली, ब्रायनने मला आनंदाने हवेत उडवलं आणि मी होमप्लेटजवळ वाळूत पडलो. सगळे चषकाकडे गेले. बॅनरसमोर फोटो सुरू झाले.

मला घ्यायला पोपटराव आले. घसरलेली शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली होती. वाकता येईना म्हणून ते माझ्यासाठी खाली बसले, उकिडवे, होमप्लेटच्या मागे, नेहमीच्या जागेवर. त्यांनी मला हातात घातलं. आणि मग त्यांना उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग ते तसेच बसून राहिले.

तबिशने लांबून पाहिलं आणि तो पळत आला. "दादा, हात द्या."

"थांब," पोपटराव म्हणाले. "तिकडे जा. एक टाक."

तबिश चेंडू घेऊन पिचरच्या जागी गेला आणि त्याने एक टाकला. हळू, वरून, एखाद्या लेकराला देतात तसा. तो माझ्यात पडला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही.

पोपटरावांनी तो परत फेकला. सरळ, कडक, तबिशच्या छातीवर. "असा नको. खरा टाक."

तबिशने चेंडू धरला आणि त्याचे हात खाली आले. "दादा, मी तुम्हाला खेळायला नव्हतं बोलावलं. मला सांगता आलं नाही. तुमचा आवाज ऐकला आणि मला नाही जमलं."

"ते मला बॅनर वाचून कळलं भो." पोपटरावांचा आवाज शांत होता. "फोनवर म्हणाला असता तर मी वाईट वाटून घेतलं असतं, दोन दिवस जेवलो नसतो. पण चप्पल घालून आलो असतो आज. हे लेगगार्ड बांधून नसतो आलो पोरांसमोर." त्यांनी मला समोर धरलं. "टाक आता. खरा."

तबिशने पाय उचलला आणि टाकला. खरा. मी त्याला येताना पाहिलं, सरळ, जोरात, आणि मला ठाऊक होतं तो कुठे बसणार. पोपटरावांनाही ठाऊक होतं. त्यांचा हात निघाला, पण गुडघा त्याच्याबरोबर खाली गेला नाही. चेंडू माझ्या कडेला घासून, लेगगार्डवर आपटून, मागे जाळीपर्यंत घरंगळत गेला.

पोपटरावांनी मान वळवून चेंडूकडे बघितलं.

"बरोबर होतं तुझं," ते म्हणाले. "आता उठव मला."

तबिश त्यांना उठवताना रडत होता. पोपटराव नाही रडले.

गावी जाताना त्यांनी मला बरोबर नेलं नाही. वजनाची अडचण नव्हती, वहिनींनी या वेळी माझ्यासाठी जागासुद्धा ठेवली होती. पोपटराव म्हणाले, "त्याला अजून खेळता येतं," आणि त्यांनी मला ब्रायनकडे दिलं. खेळता येतं हे खरं आहे. पण मला विचारलं असतं, तर मी त्यांच्याबरोबर गेलो असतो आणि खुंटीवर लटकलो असतो. मला कुणी विचारलं नाही.

आता मी ब्रायनच्या गाडीच्या डिकीत असतो. इथला उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल, मित्रांनो. दुपारी डिकीत भाकरी भाजून निघेल. माझं कातडं भेगाळलं आहे आणि खोबरेल तेलाचा वास उडून गेला आहे. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनंती करतो. तुमच्याकडे माझ्यासारखा जुना मिट, बॅट, चेंडू काही असेल तर त्याला उन्हात टाकू नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि तुमच्यात एखादा जुना खेळाडू असेल, त्याच्याने आता होत नसेल, तर ते त्याला सांगा. शाल नंतर द्या. त्याला लागेल, तो दोन दिवस जेवणार नाही, पण ज्याने आयुष्यभर तुमचे चेंडू झेलले, त्याला हळू चेंडू टाकू नका. खरा टाका.